पावणेदोन गुंठ्यांतला रणगाडा

कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाकडं दोन गोष्टी आपोआप साठतात. रिकामी खोकी आणि किस्से. खोकी निदान भंगारवाला घेऊन जातो! किस्से कोणी नेत नाही, आणि फेकवतही नाहीत. त्यातून गेल्या वर्षी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आठ महिने जे चाललं होतं, ते इतकं साठलंय की कोणाला तरी सांगितल्याशिवाय आता सुटका नाही. तेव्हा बसा, चहा सांगतो.

दुकान भोकरदनला. पुढं बियाणं, खतं, औषधं. मागं गोडाऊनची खोली. त्या खोलीत आम्ही तिघं मिळून एक रणगाडा उभा करत होतो. घाबरू नका, प्लॅस्टिकचा!

तिघं म्हणजे मी, गायकवाड सर आणि उत्तमदादा. गायकवाड सर हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, आता रिटायर आहेत. त्यांना प्लॅस्टिकची विमानं जोडायचा नाद. पुण्यात नोकरीला असलेली लेक खोकी पाठवते, सर तुकडे जोडतात आणि तयार विमान दोऱ्यानं छताला टांगतात. त्यांच्या बैठकीत उंच पाहुणा आला की आधी वाकतो, मग नमस्कार करतो. उत्तमदादा फौजेतून हवालदार होऊन घरी आलेले. सतरा वर्षं रणगाड्याचे ड्रायव्हर.

आणि या सगळ्याच्या मुळाशी उत्तमदादांची माय. ती जाफराबाद रोडवरच्या त्यांच्या गावी असते. तिला काचबिंदू झाला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी जपा. परतताना जीपमध्ये बसल्यावर माय म्हणाली, "उत्तम, तू सतरा वर्षं काय चालवलं ते म्या कदी पाहिलंच न्हाई बग. लोक इचारायचे, मंग म्या म्हनायचे, गाडी हाय कायतरी."

उत्तमदादांनी फोटो दाखवला. माय म्हणाली, "फोटोत समदं चपटं दिसतं, बाबा."

दुसऱ्या दिवशी उत्तमदादा सरांच्या दारात. "सर, विमानं बास झाली. दिवाळीच्या आत मायला रणगाडा दाखवायचा. तिची नजर हाय तवर."

अशी सुरुवात झाली. खोली माझी, अक्कल सरांची आणि घाई उत्तमदादांची.

*

लेकीनं खोकं पाठवलं. टी-पंचावन्न, पस्तिसाव्या हिश्शाचा. म्हणजे खऱ्या गाडीचे पस्तीस फूट ते इथं एक फूट. आत शेदोनशे तुकडे आणि कसं जोडायचं त्याचं पुस्तक. सरांनी चष्मा लावून पहिलं पान उघडलं. उत्तमदादांनी ते पुस्तक त्यांच्या हातातून अलगद घेतलं, घडी घातली आणि खिडकी वाऱ्यानं आपटत होती तिला पाचर म्हणून लावलं.

"जय भीम, सर. तुमी विमानाचे मानूस. ह्या गाडीत म्या सतरा वर्षं बसलो, आन मला कागद दाखवून राह्यले?"

तीन दिवसांत रणगाडा उभा राहिला. बशीत चौदा तुकडे उरले.

"हे कशाचे?" सरांनी विचारलं.

"कंपनीवाले जादा देतात. शर्टासंगं बटन न्हाई का देत?"

सरांनी दोन बोटांनी वरचा बुरूज फिरवून पाहिला. फिरेना. पुन्हा पाहिला. शेवटी घसा साफ करून म्हणाले, "उत्तमराव, बुरूज फिरत नाही."

उत्तमदादांचा चेहरा असा खुलला म्हणता! "काय बोलता! ह्याचा इलाज बराबर ठावा हाय मला. हातोडी कुठंय?"

सरांनी धावत जाऊन खिडकीची पाचर काढली. ती खिडकी अजूनही वाऱ्यानं आपटते.

*

नुसता रणगाडा ठेवायचा नव्हता. सरांना डायोरामा करायचा होता. डायोरामा म्हणजे गाडीखालची जमीन, झाडं, झुडपं, सगळं त्याच मापात लहान करून उभा केलेला देखावा. गणपतीत करतो तसाच, फक्त गणपतीत उंदीर हत्तीएवढा चालतो, इथं चालत नाही. सरांनीही आयुष्यात पहिलाच करायला घेतला होता, म्हणून ते फार शिस्तीत होते.

"वाळवंट करू," सर म्हणाले. "इतिहासाला धरून होईल."

उत्तमदादांनी मायला विचारलं. माय म्हणाली, "रेतीत म्या कवा गेले? मला आपलं शेत कळतं. बांधावरचा लिंब कळतो. तिथं आणून उभी कर तुजी गाडी."

"अहो, पण भोकरदन तालुक्यात रणगाडा कधी आलाच नाही!" सर कळवळले.

"आता आला."

"इतिहासात असं घडलेलं नाही, उत्तमराव!"

"सर, मायला पेपर द्यायचा न्हाई."

झालं. दीड फूट बाय एक फुटाचं प्लायवूड आणलं. त्यावर उत्तमदादांचं शेत, कडेला बांध, बांधावर लिंब, आणि पेरलेल्या रानात मधोमध रणगाडा, असं ठरलं.

आता नामदेवची ओळख करून द्यायला हवी. नामदेव उत्तमदादांचा सख्खा चुलतभाऊ. शेताला शेत लागून. मधला बांध कोणी कोरला यावरून दोघांत सहा वर्षं बोलणं बंद. पण दोघंही बियाणं माझ्याकडंच घेतात, त्यामुळं समोरासमोर बसतात आणि सरांच्या मार्फत बोलतात.

त्या दिवशी नामदेव चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत आला. प्लायवूडकडं बघून म्हणाला, "सर, त्यांना इचारा, ही फळी कशाची?"

उत्तमदादा हातभर अंतरावर. "सर, त्यांना सांगा, शेत हाय."

"किती?"

सरांनी पस्तिसानं गुणून सांगितलं, साडेबावन्न फूट बाय पस्तीस फूट.

नामदेवला कागद-पेन्सिल लागत नाही. "म्हंजे पावनेदोन गुंठ्याला जरा कमी. आन माजं दोन एकर ह्या मापानं किती व्हईल, सर?"

सरांनी हिशोब केला. "साडेआठ फूट बाय साडेआठ फूट."

नामदेवनं खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात युरियाची थप्पी होती. "म्हंजे ह्या थप्पीखाली माजं समदं रान मावंल?"

"मावेल की!" सरांना वाटलं, याला गणित कळलं म्हणून आनंद झाला असेल.

नामदेवनं अर्धा चहा तसाच ठेवला. दारात जाऊन थांबला. "आज्यानं जिंदगी घातली होती त्याच्यात, सर," म्हणाला आणि निघून गेला. दोन दिवस दुकानाकडं फिरकला नाही.

*

माती कोणती वापरायची यावर वादच नव्हता. उत्तमदादांनी शेतातली काळी माती आणली, आमच्या घरच्या चहाच्या गाळणीतून चाळली, आणि सुताराकडच्या पांढऱ्या गोंदात कालवून फळीवर थापली. त्या दिवसापासून आमच्या घरच्या चहाला एक वेगळीच चव आहे. बायको कारण विचारते, मी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी माती वाळली आणि तडकली. काळी मातीच ती, तडकणारच! पण सरांनी कॅलिपर लावला. हा मिलिमीटर मोजायचा कॅलिपर त्यांना शाळेनं निरोपसमारंभात दिलाय. लोक शाल-श्रीफळ घेतात, यांनी मागून कॅलिपर घेतला.

"ही भेग एक सेंटिमीटर आहे," सर म्हणाले. "म्हणजे खऱ्या शेतात फुटाच्या वर. तुमचा रणगाडा यात अडकेल."

मग माती हळू वाळावी म्हणून वर ओला फडका टाकायचं ठरलं. ओल्या फडक्याची जबाबदारी माझ्याकडं. मी इमानदारीनं सकाळ-संध्याकाळ फडका भिजवला. पावसाळ्याचे दिवस, खोली दमट. पाचव्या दिवशी फडका उचलला आणि बघतो तर काय, डायोरामा उगवून आलेला! गोंदातून वाट काढून हिरवेगार मोड वर आले होते. आमच्या मातीची ताकद बघा!

सरांनी कॅलिपर लावला. "दोन इंच. म्हणजे जवळजवळ सहा फूट उंचीचं गवत. रणगाडा बुडाला याच्यात."

आता गवत उगवलं म्हटल्यावर माझ्यातला दुकानदार जागा झाला. अठरा वर्षं मी लोकांना तणनाशक सुचवतोय. पावणेदोन गुंठ्याचा डोस मला तोंडपाठ, पण ही जागा नुसती दिसायला पावणेदोन गुंठे! दीड चौरस फुटाला किती मारायचं, हे कोणत्याच डब्यावर लिहिलेलं नसतं. मी अंदाजानं मारलं. माझा अंदाज जरा दिलदार आहे.

तण मेलं. पण गवतात किती बुडतो ते बघायला सरांनी रंगवलेला रणगाडा तिथंच ठेवला होता, आणि मी तो उचलला नव्हता. औषधानं रंग उतरला. नुसता उतरला नाही, विरघळून खालच्या मातीत गेला. चाकांचे पट्टे चिकट झाले. तोफेवर हिरवा ओघळ.

उत्तमदादा आले. रणगाड्याभोवती एक चक्कर मारली. "सतरा वर्षं बॉर्डरवर चालवला," म्हणाले, "दुश्मनानं ओरखडा काढला न्हाई. शेवटी घरच्या मानसानं घात केला."

मी हसलो, पण फार वेळ हसता आलं नाही. त्याच आठवड्यात माय बशीत चहा ओतायला गेली आणि बशीशेजारी ओतला, असं उत्तमदादांनी सांगितलं. माझ्यामुळं तीन आठवडे वाया गेले होते. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

*

मागच्या खोलीचं दार उघडं राहिलं की गिऱ्हाईक डोकावायचंच. एकदा वाटूरकडचे एक पाहुणे गावात जावयाकडं आले होते, ते दुकानात डोकावले. रणगाडा बघून थांबले.

"किती एचपी?"

उत्तमदादा ताठ झाले. "पाचशे ऐंशी."

"बाबो! आन डिझेल?"

"किलोमीटरला दोन लिटर. कच्च्यात तीन."

पाहुण्यांनी मान हलवली, खिशातून तंबाखूची डबी काढली, आणि फार वाईट वाटल्यासारखं म्हणाले, "मंग नांगरटीला परवडनार न्हाई."

*

बांध थर्माकोलचा केला, वरून माती लावली. चिकटवायचा राहिला होता. उत्तमदादांनी तो आठवेल तसा जागेवर ठेवला आणि घरी गेले.

नामदेव आला, बघितलं. "सर, त्यांना म्हनावं, बांध दोन हात माज्यात सरकवलाय."

"नामदेवराव, हे मॉडेल आहे," सर म्हणाले.

"ते म्या कुठं न्हाई म्हनलं! पन बांध दोन हात सरकलाय."

दुसऱ्या दिवशी सर आले तर बांध सरकलेला. कॅलिपर लावला. बरोबर सव्वीस मिलिमीटर, म्हणजे दोन हात! उत्तमदादा आले, काही न बोलता त्यांनी बांध होता तिथं ठेवला. ठेवताना अर्धा सेंटिमीटर पुढंच ठेवला. तिसऱ्या दिवशी तो परत मागं. हे नऊ दिवस चाललं. दोघांपैकी एकालाही बांधाला हात लावताना आम्ही पाहिलं नाही. सर रोज वहीत नोंद करत होते. दहाव्या दिवशी बांध रणगाड्याच्या पोटाखाली होता.

सर कधी चिडत नाहीत, त्या दिवशी चिडले. "मला खरा बांध दाखवा! मी मोजतो आणि तसाच करतो. मग कोणी तक्रार करायची नाही!"

गेलो शेतावर. सरांनी टेपचं एक टोक उत्तमदादांच्या हातात दिलं, दुसरं नामदेवच्या. सहा वर्षांत दोघांनी एकच वस्तू धरायची ती पहिली वेळ. दोघं दोन दिशांना बघत टेप ताणून उभे. सर वाकून बांधाची रुंदी घेत होते. घेतली, परत घेतली, आणि बांधावरच बसले.

"काय झालं, सर?" मी विचारलं.

"पाच इंच," सर म्हणाले. "दोघांनी दोन्हीकडून कोरून कोरून हा बांध पाच इंचांवर आणलाय. पस्तिसाव्या हिश्शात तो साडेतीन मिलिमीटर होतो. एवढा बारीक बांध थर्माकोलचा होत नाही. मोडतो."

लिंबावर एक कावळा ओरडत होता, तेवढाच.

"सर, त्यांना इचारा," नामदेव शेवटी म्हणाला, "मॉडेलात दोन फुटाचा केला तर चालंल का?"

"सर, त्यांना सांगा," उत्तमदादा म्हणाले, "आपली हरकत न्हाई."

सरांनी त्याच संध्याकाळी दोन फुटांचा बांध केला आणि चिकटवून टाकला. रोज डोकावणारा नामदेव त्यानंतर कॅलिपरकडं बघायलाही घाबरायचा.

*

रणगाडा पुन्हा रंगवला. आता सरांना त्याच्यावर चिखल, धूळ, गंज दाखवायचा होता. नव्या कोऱ्या गाडीत जीव वाटत नाही म्हणे. त्यांनी एक अख्खी दुपार घालवून पट्ट्यांवर चिखल लावला. बघत राहावं असं काम झालं होतं.

सकाळी रणगाडा धुतलेला. चकाचक!

सरांनी पुन्हा लावला. पुन्हा धुतला. तिसऱ्या वेळी सर सकाळी सहालाच येऊन बसले. उत्तमदादा हातात जुना दातांचा ब्रश आणि कपभर पाणी घेऊन आले.

"उत्तमराव! तो चिखल मी मुद्दाम लावलाय!"

"तुमी लावलाय, पन बोलणी मला बसतील ना! साहेबाचं इन्स्पेक्शन असलं की गाडीवर बोट फिरवून बघतात. धूळ लागली तर ड्रायव्हरला ग्राउंडला चक्कर."

"कोण साहेब? तुम्ही रिटायर होऊन किती वर्षं झाली!"

उत्तमदादांनी ब्रश कपात बुडवला. "माय बोट फिरवंल, सर," म्हणाले. "तिला आता तसंच कळतं."

शेवटी तोड निघाली, अर्धा रणगाडा मळका आणि अर्धा साफ. माय बसेल ती बाजू साफ. मळकी बाजू कोणाकडं करायची, हे उत्तमदादांना विचारायची गरज नव्हती. नामदेवच्या शेताकडं!

*

दिवाळी आली आणि गेली. पणत्या लावताना मायनं वात बोटांनी चाचपून शोधली. उत्तमदादा ते सांगून मग दिवसभर ड्रायव्हर रंगवत बसले.

खोक्यात एक ड्रायव्हर मिळाला होता. कमरेपर्यंतचाच, कारण बाकीचा गाडीत असतो. जेमतेम नखभर उंची. उत्तमदादांनी त्याला भिंगाखाली धरून मिशा काढल्या, गालावरचा तीळसुद्धा काढला. वाळायला पंख्याखाली ठेवला.

तो पंखा मी नामदेवच्या हरभऱ्यासाठी लावला होता. पेरणीची घाई होती, म्हणून बुरशीनाशक लावून बियाणं ताडपत्रीवर पसरलं होतं. सुकलं तसं सुपानं गोणीत भरलं, तोंड शिवलं आणि नामदेव घेऊन गेला.

सर म्हणाले, "ड्रायव्हर कुठं आहे?"

आम्ही ताडपत्री झटकली. खोली उलटी केली, युरियाची थप्पी हलवली. नाही. उत्तमदादा तसेच सुटले ते नामदेवच्या शेतावर. आम्ही मागं. पोहोचलो तेव्हा ट्रॅक्टर परत चालला होता. दोन एकर पेरून झालेलं.

उत्तमदादा बांधावर उभे, त्या पाच इंचांवर. पाय टेकायला जागा नव्हती, तरी नामदेवच्या रानात पाऊल टाकलं नाही.

"सर, त्यांना म्हनावं, माजा मानूस त्यांच्यात पेरलाय."

नामदेवनं सगळं ऐकून घेतलं. दोन एकर काळ्या रानावर नजर टाकली. मग शांतपणे म्हणाला, "सर, त्यांना सांगा, उगवला तर निम्मा त्यांचा."

आता दुसरा ड्रायव्हर मागवायचा तर संक्रांतही उलटून जाणार. उत्तमदादांनी रणगाड्याचं पुढचं झाकण खाली दाबलं. "चिकटवून टाका. लढाईत झाकन बंदच असतं, ड्रायव्हर दिसत न्हाई."

"पण आत कोणी नाही, हे आपल्याला माहीत आहे ना!" सर म्हणाले.

"मायला थोडंच ठावं हाय?"

सरांनी झाकण चिकटवलं. पण त्यांना ते फार लागलं. पुढं पंधरा दिवस चहा पिता पिता मध्येच कप खाली ठेवायचे आणि माझ्याकडं बघून म्हणायचे, "मग चालवतो कोण?"

*

भोगीच्या दिवशी डायोरामा गावी न्यायचं ठरलं. तोपर्यंत मायचा एक डोळा पुरता गेला होता. दुसऱ्यानं उजेड आणि सावली, एवढंच. उत्तमदादांनी हे आम्हाला जीप स्टँडवर सांगितलं. मी म्हणालो, "दादा, माझ्या फवारणीचे तीन आठवडे—" त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. "चला जल्दी," म्हणाले.

शेअर जीपमध्ये मधल्या सीटवर फळी मांडीवर घेऊन उत्तमदादा बसले. फळी एकट्याला पेलेना. नेमका नामदेव त्याच जीपला. दुसरं टोक त्याच्या मांडीवर आलं. सर पुढं ड्रायव्हरशेजारी, आणि मी मागं लटकलेला.

"काय आहे हे?" जीपवाल्यानं आरशातून विचारलं.

"शेत हाय. हळू घे."

रस्त्याला खड्डे. प्रत्येक खड्ड्याला सरांना मागं वळावं लागत होतं. "सर, त्यांना म्हनावं, त्यांची बाजू खाली गेली." "सर, त्यांना सांगा, लिंब धरा." गाव येईपर्यंत सरांची मान धरली. पण लिंब जागचा हलला नाही.

माय ओट्यावर बसली होती. आत भोगीची भाजी शिजत होती, बाजरीच्या भाकरींचा वास बाहेरपर्यंत. उत्तमदादांनी फळी तिच्यासमोर पाटावर ठेवली, साफ बाजू तिच्याकडं करून. तिचे हात घेऊन कडेवर ठेवले. नामदेव फळी टेकवून आपल्या घरी जाईल असं वाटलं, तो गेला नाही. खांबाला टेकून उभा राहिला.

मायनं आधी माती चाचपली. चिमूटभर खरवडून नाकाशी नेली. "आपलीच हाय." मग बोटं पुढं गेली. "ह्यो लिंब." खोडावरून हात खाली आला आणि बांधावर थांबला. दोनदा चाचपलं. "ह्यो बांध कुनाचा? आपला येवढा जाड कुठं राह्यलाय?"

नामदेव खोकला. उत्तमदादा पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागले.

बोटं रणगाड्याला लागली. पट्ट्यांवरून फिरली, एकेक चाक मोजलं, तोफेच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. बोट फिरवून तिनं अंगठ्याला घासून पाहिलं. "निर्मळ ठेवली की रं गाडी."

उत्तमदादांनी सरांकडं बघितलं. सरांनी मान डोलावली.

"तू कुठं बसायचा?"

"म्होरं, माय. डाव्या अंगाला. हे झाकन हाय ना, त्याच्या खाली." त्यांनी तिचं बोट झाकणावर नेलं.

"झाकन लावून? सतरा वर्षं?"

"रोज न्हाई, माय. कामाच्या टायमाला."

मायनं झाकणावर नखानं टकटक केलं. थांबली. परत केलं. "उघड."

"ते उघडत न्हाई, माय," उत्तमदादा म्हणाले. "चिकटवलंय."

"उघड म्हन्ते ना! पोराला कोंडून कुनी चिकटवून घेतं व्हय?"

सरांनी खिशातून ब्लेड काढलं. ते झाकणाच्या कडेनं फिरवलं. झाकण सुटलं. मायनं करंगळी त्या भोकात घातली आणि आत हळूहळू फिरवली. इकडं फिरवली, तिकडं फिरवली. सर काहीतरी खुलासा करायला म्हणून पुढं झाले, मी त्यांचा सदरा धरला.

"कोनी न्हाई आत," माय म्हणाली.

चुलीवर भाकरी फुगत होती, ती उलटायचंही कोणाला सुचलं नाही.

मायनं करंगळी बाहेर काढली, पदराला पुसली, आणि तोच हात बाजूला नेऊन उत्तमदादांचं डोकं शोधलं. सापडलं तसं त्यावरून एकदा खालपर्यंत फिरवला.

"उतरला म्हंजे माजा उत्तम," म्हणाली. "चल मंग, जेवून घे. आन सरक जरा तिकडं, नामदेवला जागा दे."

उत्तमदादा सरकले. किती, ते सरांनी मोजलं नाही.